संगणकावरील आगंतुक : ओळख, उच्चाटन आणि दक्षता

नागपूर शहराच्या दक्षिणेस, मानेवाड्याहून पुढे जाणाऱ्या रस्त्यावर बेसा हे गाव आहे. नागपूर ग्रामीण तालुक्यातील या गावाची शेतशिवारे गेल्या काही वर्षांत वसाहतींनी व्यापली. नोकरदार, निवृत्त कर्मचारी, शिक्षणासाठी आलेली मुले असा वर्ग येथे स्थायिक झाला आणि त्याच्यासोबत घरोघरी संगणकही आला. दाखला, शिष्यवृत्ती, सातबारा उतारा, वीजदेयक, परीक्षेचा अर्ज या सर्वांची वाट आज संगणकाच्या पडद्यावरून जाते. ही वाट निर्वेध असणे ही आता हौशीची बाब राहिलेली नसून नागरी जीवनाची गरज झाली आहे.

अशाच एका वसाहतीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांच्या घरी गेल्या पावसाळ्यात घडलेला प्रसंग नमूद करण्याजोगा आहे. नातीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत छायाचित्र जोडावयाचे होते. परंतु ते ठरवून दिलेल्या आकारमानापेक्षा मोठे होते. ते लहान करून देणारे एक फुकट सॉफ्टवेअर गुरुजींनी शोधून काढले, डाउनलोड केले आणि पडद्यावर आलेल्या प्रत्येक चौकटीत ‘नेक्स्ट’ दाबीत ते पुढे गेले. छायाचित्र लहान झाले. दुसऱ्या दिवसापासून मात्र ब्राउझर उघडताच नेहमीच्या पानाऐवजी एक अनोळखी शोधपान दिसू लागले. त्याच पानावर त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्याचा शोध घेतला. सर्वांत वर आलेले संकेतस्थळ शासकीय वाटले. त्यावर त्यांनी आधार क्रमांकासह सर्व माहिती भरली आणि ४९९ रुपये ‘शुल्क’ही भरले. दाखला आला नाही, पावतीही आली नाही. आठवड्याभराने ‘आपल्या संगणकात विषाणू आढळला आहे, या क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करा’ अशी लाल अक्षरांतील सूचना भोंग्याच्या आवाजासह पडद्यावर झळकली, तेव्हा ते शेजारधर्माने माझ्याकडे आले. “साहेब, यंत्र बिघडले की मीच बिघडविले, तेवढे पाहून सांगा,” एवढेच ते म्हणाले. अर्जाच्या अंतिम तारखेला त्या वेळी नऊ दिवस उरले होते.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर असे, की यंत्र बिघडले नव्हते आणि त्यांनी ते जाणूनबुजून बिघडविलेही नव्हते. त्यांच्याकडून संमती काढून घेण्यात आली होती आणि ती नेमकी कशासाठी, हे त्यांना कळू देण्यात आले नव्हते. संगणकावरील या उपद्रवाचे मर्म येथेच आहे. चोर कुलूप तोडून घरात आला तर ते लागलीच ध्यानात येते. येथे मात्र घरमालकाच्याच हातून दार उघडून घेतले जाते.

हे आगंतुक कोण?

ज्या सॉफ्टवेअरचे मुख्य काम संगणकाच्या मालकाला नको असलेल्या जाहिराती दाखविणे हे असते, त्यास ‘ॲडवेअर’ म्हणतात. ब्राउझरचे पहिले पान, शोधयंत्र आणि नवे पान यांचा ताबा घेऊन वापरणाऱ्यास स्वतःला हवे तिकडे नेणाऱ्या प्रकारास ‘ब्राउझर हायजॅकर’, म्हणजे ब्राउझरचे अपहरण करणारा, अशी संज्ञा आहे. व्यवहारात ही दोन्ही भावंडे बहुधा जोडीनेच येतात. फायली नष्ट करणे हा त्यांचा हेतू नसतो. आपण केलेला प्रत्येक शोध, उघडलेली प्रत्येक जाहिरात यांतून कोणाला तरी मोबदला मिळत असतो. तो मोबदला स्वतःकडे वळविणे हा त्यांचा धंदा होय. एका यंत्रामागील ही रक्कम अत्यल्प असते. परंतु यंत्रांची संख्या लक्षावधी झाली की तीच मोठी होते.

या धंद्याचा व्याप किती असू शकतो, हे २०१७ साली उघडकीस आलेल्या ‘फायरबॉल’ या प्रकरणावरून समजते. चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा संस्थेने त्या वर्षीच्या जून महिन्यात प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, बीजिंग येथील राफोटेक या विपणन कंपनीचे हे सॉफ्टवेअर इतर फुकट सॉफ्टवेअरच्या सोबतीने जगभरातील सुमारे २५ कोटी संगणकांत शिरले होते. त्यांपैकी सुमारे २ कोटी ५३ लक्ष, म्हणजे सर्वाधिक, संगणक भारतातील होते. मायक्रोसॉफ्टने हा अंदाज फुगविलेला असल्याचे मत नंतर व्यक्त केले. तथापि कार्यपद्धतीविषयी दुमत नव्हते. हे सॉफ्टवेअर शोधयंत्र बदलीत असे, वापरणाऱ्याची माहिती गोळा करीत असे आणि मालकाच्या नकळत त्या यंत्रावर दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर उतरवू शकत असे. आज जाहिरात दाखविणारा पाहुणा उद्या पासवर्ड चोरणाऱ्यास दार उघडून देऊ शकतो, हा त्यातील खरा धोका.

शिरकाव कसा होतो?

शिरकावाच्या वाटा मोजक्याच आहेत. पहिली आणि सर्वांत रुळलेली वाट जोडसॉफ्टवेअरची. छायाचित्र लहान करणे, पीडीएफ तयार करणे, चित्रफीत उतरविणे, मराठी फाँट बदलणे अशा कामांच्या फुकट सॉफ्टवेअरसोबत दोन-तीन आगंतुक एकाच गठ्ठ्यात बांधलेले असतात. स्थापनेच्या वेळी त्यांच्या नावापुढील चौकटीत आधीच खूण केलेली असते. ती खूण काढून टाकण्याची सोय पुष्कळदा ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ या पर्यायामागे दडविलेली असते. शिफारस केलेला म्हणून ठळकपणे दाखविलेला मार्ग निवडला की ही सर्व मंडळी घरात येतात.

दुसरी वाट सूचनांच्या परवानगीची. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे एखादे संकेतस्थळ सांगते. प्रत्यक्षात त्या बटणाने आपण त्या स्थळास आपल्या पडद्यावर केव्हाही सूचना पाठविण्याची मुभा देतो. विषाणूची खोटी भीती घालणाऱ्या अनेक चौकटींचा उगम येथे असतो. तिसरी वाट एक्स्टेन्शन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्राउझरच्या पुरवण्यांची. ‘सर्व संकेतस्थळांवरील आपली सर्व माहिती वाचणे व बदलणे’ एवढा व्यापक अधिकार एखादी साधी हवामानाची पुरवणी मागत असेल, तर ती नाकारणेच श्रेयस्कर. चौथी वाट चोरट्या प्रतींची. विकत घ्यावयाचे सॉफ्टवेअर फुकट चालवून देणारी ‘क्रॅक’ म्हणून जी फाइल मिळते, तिच्यासोबत याहूनही घातक मंडळी येऊ शकतात.

नवे यंत्र म्हणजे निर्दोष यंत्र असेही समजू नये. लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच बसवून आलेले ‘सुपरफिश’ हे सॉफ्टवेअर फेब्रुवारी २०१५ मध्ये वादाचा विषय झाले. ते सुरक्षित संकेतस्थळांच्या पानांतही स्वतःच्या जाहिराती घुसवीत असे आणि त्यासाठी त्याने यंत्राची सुरक्षाव्यवस्थाच दुबळी करून ठेवली होती. या प्रकरणी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१७ साली कंपनीशी तडजोड करून तिच्यावर बंधने घातली.

लक्षणे

पहिले पान किंवा शोधयंत्र आपोआप बदलणे. बदल पूर्ववत केला तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दिसणे. न मागितलेल्या चौकटी पडद्याच्या कोपऱ्यात वारंवार उमटणे. शोधाचे उत्तर मिळण्यापूर्वी दोन-तीन अनोळखी पत्ते चमकून जाणे. ब्राउझर मंद होणे. आपण न घेतलेली पुरवणी किंवा सॉफ्टवेअर यादीत आढळणे. यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसली तर तपासणी करावी. त्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार तोवर करू नयेत.

उच्चाटनाची रीत

पुढील पायऱ्या विंडोज प्रणालीच्या घरगुती संगणकासाठी आहेत. त्यांस विशेष तांत्रिक ज्ञान लागत नाही. क्रम आणि संयम मात्र लागतो.

पहिली पायरी म्हणजे घाबरून काहीही न करणे. भीती घालणाऱ्या चौकटीत दिलेल्या क्रमांकावर कदापि दूरध्वनी करू नये. विंडोजच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक नसतो. चौकट पडदाभर पसरून बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा आणि तेथून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणण्यास नकार द्यावा. त्यानंतर महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे पेन ड्राइव्हवर काढून घ्यावीत.

दुसऱ्या पायरीत ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’ या विभागात जाऊन स्थापित सॉफ्टवेअरची यादी तारखेच्या क्रमाने लावावी. उपद्रव ज्या सुमारास सुरू झाला, त्या दिवसांत आलेली अनोळखी नावे या क्रमामुळे एकत्र दिसतात. ती एकेक करून ‘अनइन्स्टॉल’ करावीत. काढताना ‘खरोखर काढावयाचे काय’, ‘त्याऐवजी हे ठेवा’ असे गोंधळात टाकणारे प्रश्न येतात. ते सावकाश वाचावेत. यंत्राच्या निर्मात्याची किंवा मायक्रोसॉफ्टची नावे केवळ अपरिचित म्हणून काढून टाकू नयेत.

तिसऱ्या पायरीत ब्राउझरकडे वळावे. पुरवण्यांच्या यादीतून आपण स्वतः न घेतलेली प्रत्येक पुरवणी काढावी. गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये सूचनांचा विभाग असतो. तेथे परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी पाहून अनोळखी नावे हटवावीत. अनेकांचा निम्मा त्रास एवढ्यानेच थांबतो. मग शोधयंत्र व पहिले पान पूर्ववत करावे. इतके करूनही उपद्रव राहिल्यास ब्राउझर ‘रिसेट’ करावा. क्रोममध्ये असे केल्याने पुरवण्या बंद होतात व सेटिंग्ज मूळपदावर येतात; जतन केलेले पासवर्ड आणि खुणा घातलेली पाने जात नाहीत.

चौथ्या पायरीत डेस्कटॉपवरील ब्राउझरचे चित्र तपासावे. त्यावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘टार्गेट’ या रकान्यात फाइलचा मार्ग दिसतो. ब्राउझरच्या फाइलच्या नावानंतर कोणत्याही संकेतस्थळाचा पत्ता चिकटविलेला असेल, तर अपहरणकर्त्याने तेथे ठाण मांडले आहे असे समजावे. ते चित्र पुसून नवे तयार करावे.

पाचवी पायरी संपूर्ण तपासणीची. विंडोजसोबत येणाऱ्या ‘विंडोज सिक्युरिटी’मधून ‘फुल स्कॅन’ करावा. जे आगंतुक प्रणाली सुरू असताना लपून बसतात, त्यांच्यासाठी तेथेच ‘ऑफलाइन स्कॅन’ची सोय आहे, त्यात यंत्र पुन्हा सुरू होऊन प्रणाली चालू होण्यापूर्वीच झडती घेतली जाते. ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ या सदराखाली नकोशी सॉफ्टवेअर अडविण्याचा पर्याय असतो. तो चालू ठेवावा. दुसऱ्या तपासनिसाची गरज वाटल्यास मालवेअरबाइट्सचे ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे ॲडवेअर हटविणारे साधन निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. उपद्रव काढण्याचे साधन म्हणून उपद्रवच विकणारी बनावट दुकाने पुष्कळ आहेत.

सहाव्या पायरीत यंत्र निर्मळ झाल्याची खात्री पटल्यावर ईमेल व बँकेचे पासवर्ड बदलावेत. काढलेली पुरवणी परत येत असेल तर तिचे मूळ बहुधा ‘सिंक’मध्ये असते. एकाच खात्याने घरातील दोन संगणक जोडलेले असतील, तर एकावरून काढलेली पुरवणी दुसऱ्यावरून पुन्हा येऊ शकते. अशा वेळी दोन्ही यंत्रे एकाच बैठकीत साफ करावीत.

घरातील सर्वच संगणक आणि मोबाईल एकाच वेळी भरकटू लागले, तर दोष राउटरमध्ये असण्याची शक्यता असते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. ही व्यवस्थाच बदलून लोकांना भलतीकडे नेणारी ‘डीएनएस चेंजर’ टोळी अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये उघडकीस आणली; शंभरावर देशांतील सुमारे ४० लक्ष संगणक तिच्या जाळ्यात सापडले होते. टोळीच्या सर्व्हरांच्या जागी तात्पुरते शुद्ध सर्व्हर चालवावे लागले आणि ९ जुलै २०१२ रोजी ते बंद करण्यात आले. यास्तव राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा आणि संशय आल्यास सेवा पुरविणाऱ्याकडून त्याची सेटिंग्ज तपासून घ्यावीत.

कायदा आणि शासकीय व्यवस्था

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार, संगणकाच्या मालकाच्या परवानगीवाचून त्यात दूषित करणारी आज्ञावली घुसविणाऱ्यावर नुकसानभरपाईचे दायित्व येते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लक्ष रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘परवानगीवाचून’ हा शब्द येथे लक्षात घ्यावा. आधीच खूण केलेल्या त्या चौकटींचे प्रयोजन हेच, की उद्या विचारणा झालीच तर ‘मालकानेच होय म्हटले होते’ असे सांगता यावे.

अशा फसव्या मांडणीची दखल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने घेतली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकास चकविणाऱ्या तेरा पद्धती नमूद आहेत. छुप्या जाहिराती आणि संगणकात विषाणू असल्याची खोटी भीती घालून बनावट उपाय विकणे, या दोहोंचा त्यांत समावेश आहे. यासंबंधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पैशांची फसवणूक झाली असल्यास मात्र विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

केंद्र शासनाने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेमार्फत चालणाऱ्या या केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. या कार्यात सुरुवातीपासून सहभागी झालेल्या क्विक हील या कंपनीचा उगम महाराष्ट्रातील आहे. पुण्यात गणकयंत्रे व संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर यांच्याकडे विषाणूंनी त्रस्त झालेली यंत्रे येऊ लागली, तेव्हा त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास त्यांवरील उतारा स्वतः लिहिला. दुरुस्तीच्या दुकानातून उभा राहिलेला हा उद्योग २०१६ साली शेअर बाजारात नोंदविला गेला.

दक्षतेचे नियम

उच्चाटनापेक्षा दक्षता सोपी. पहिला नियम असा, की जे काम यंत्रातील साधनाने होते त्यासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर आणू नये. छायाचित्र लहान करण्यास विंडोजमधील ‘पेंट’ पुरेसे आहे. कागदपत्राची पीडीएफ करण्यास छपाईच्या यादीतील ‘प्रिंट टू पीडीएफ’ हा पर्याय आहे. मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये अंतर्भूत आहेच. मे २०१९ च्या सुधारणेपासून उच्चारानुसारी मराठी कळफलकही त्यात आला आहे. आपल्या घरांत आगंतुकांना सर्वाधिक निमंत्रणे याच तीन कामांच्या निमित्ताने जातात, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा नियम : बाहेरचे सॉफ्टवेअर आणावेच लागले तर ते निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आणावे, ‘कस्टम’ हा पर्याय निवडावा आणि प्रत्येक चौकट वाचावी. तिसरा नियम : शासकीय सेवेचा पत्ता शोधयंत्रात शोधू नये. तो स्वतः टंकित करावा आणि त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा आहे की नाही हे पाहावे. ‘आपले सरकार’, महाडीबीटी आणि भूलेख या तिन्ही संकेतस्थळांचे पत्ते असेच संपतात. एकदा खात्री करून त्यांवर खूण घालून ठेवल्यास पुन्हा शोधण्याचे कारण उरत नाही. चौथा नियम : प्रणाली व ब्राउझर अद्ययावत ठेवावेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आहे. ज्यांची यंत्रे अद्याप त्या प्रणालीवर आहेत त्यांनी पुढील व्यवस्थेचा विचार लांबणीवर टाकू नये. पाचवा नियम : मुलांना व वडीलधाऱ्यांना प्रशासकाचे अधिकार नसलेले साधे खाते करून द्यावे. त्या खात्यातून प्रणालीत मोठे बदल करावयाचे झाल्यास प्रशासकाचा पासवर्ड विचारला जातो, आणि तेवढ्या अवकाशात विचार करण्यास वेळ मिळतो.

गुरुजींच्या संगणकावर त्या संध्याकाळी तीन अनोळखी सॉफ्टवेअर, एक पुरवणी आणि सूचनांची परवानगी दिलेली सतरा संकेतस्थळे सापडली. ती काढण्यास दीड तास लागला. ४९९ रुपयांची तक्रार नोंदविण्यात आली. आधारची बायोमेट्रिक माहिती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कुलूपबंद करण्यात आली. दाखल्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त जाऊन बसले आणि तो मुदतीपूर्वी दोन दिवस हाती आला. नातीचा अर्ज वेळेत गेला.

आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असे सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी तेच वाक्य आता सुवाच्य अक्षरात लिहून संगणकाच्या वरच्या भिंतीवर चिकटविले आहे. प्रत्येक घरातील संगणकापाशी ते असावे.